गव्हाचे अकरा दाणे

सोलापूर
रविवार, दुपार

चि. बाळास मम्मीचा सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, तुमच्या लग्नाच्या केकचं काय झालं, आणि मी "होईल रे" म्हणून फोन ठेवून दिला. राग मानू नकोस. त्याच वेळी ओव्हनमधून तिसरा केक काढला होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत मधोमध खाली बसला. आता जमलाय, म्हणून सगळं नीट लिहिते. फोनवर तू अर्धं ऐकतोस.

आधी बेकऱ्यांचं. मी आणि तुझे पप्पा स्कूटरवरून सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर असे हिंडलो. एकानं सांगितलं, "ग्लुटेन फ्री ना? करतो की, अंडं नाही घालत." त्याला समजावलं, बाबा रे, सुनेला अंडं चालतं, गहू चालत नाही, ग्लुटेन म्हणजे गव्हातला तो चिकट भाग. तर म्हणाला, "मग धरायला चिमूटभर मैदा तर लागंलच." दुसरा जरा जाणता होता. त्याला नाचणीचा केक येत होता. पण आत डोकावले तर मैद्याची पोती उघडी, पंखा सुरू, कामगाराच्या भुवयांवरसुद्धा पांढरी पूड. त्या हवेत नाचणीचा केक भाजून काय उपयोग?

तिसऱ्यानं सुचवलेलं मात्र मनाला लागलं. म्हणाला, मोठा केक नेहमीचा करू आणि नवरीसाठी बाजूला एक छोटा वेगळा देऊ. पप्पांना ते पटलं. मला नाही पटलं. स्वतःच्या लग्नात पोरीनं बाजूच्या बशीतलं खायचं? आणि सुरी तर एकच ना! तुम्ही दोघं मिळून मोठा केक कापणार, तू तिला घास भरवणार, तिथंच सगळं आलं. सूनबाईनं मला सांगितलंय, आपल्याकडच्या नियमात ग्लुटेन फ्री म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्या बेकरीवाल्याची चिमूट म्हणजे त्यापुढे डोंगर झाला. म्हणून ठरवलं, लग्नात केक एकच, तो बिनगव्हाचा, आणि तो मी करणार.

म्हटलं खरं, पण आजीच्या केकमध्ये रवा. लोण्यात भिजवलेला रवा, जाळलेली साखर, बेदाणे, चेरी. माझ्या लग्नातला केक आजीनं घरी कालवला होता आणि डबे सायकलवरून बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणले होते, नानकटाईसारखे. त्या कृतीतला रवा काढला की उरतं काय?

पहिल्या खेपेला रव्याच्या जागी तेवढंच जवारीचं पीठ घातलं. वास सुरेख आला, पण सुरी लावली तर सीनेच्या वाळूसारखा ढासळला. दुसरा तांदळाच्या पिठाचा. तो कापताना ताट सरकायचं, इतका दगड. तिसऱ्याचं वर लिहिलंच आहे.

त्या रात्री भाकऱ्या थापत होते. पीठ महिन्याभराचं, विरी गेलेलं, भाकरी कडेनं चिरत होती. हात आपोआप आधणाच्या पाण्याकडं गेला. उकळतं पाणी ओतलं, उलथन्यानं कालवलं, झाकून ठेवलं, आणि भाकरी अशी गोल फिरली की बघत राहिले. अगं बाई, म्हटलं, हेच तर! गव्हात जो चिकटपणा असतो तो जवारीत नाहीच. तो आपण रोज उकळत्या पाण्यानं आणतो, चाळीस वर्षं आणतोय, आणि केक करताना तेवढं सुचलं नाही.

आता असं करते. 150 ग्रॅम पिठातलं 50 ग्रॅम वेगळं काढून त्यावर उकळतं दूध ओतायचं, घोटून गार करायचं. उरलेल्या पिठात 75 ग्रॅम बदामाची पूड, थोडी तांदळाची पिठी आणि दोन चमचे इसबगोल. हो, पप्पा रात्री घेतात तेच. ते पाणी धरून ठेवतं, केक भुगा होत नाही. अंडी चार. मग कालवण अर्धा तास तसंच ठेवायचं, पीठ फुगू द्यायचं. घाई केली की खाताना दाताखाली कचकच लागते. बेदाणे पंढरपूरकडचे, आठ दिवस संत्र्याच्या रसात मुरलेले. आच मंद, 150 वर, दीड तास. चौथा केक काढला, गार झाल्यावर अर्ध्या इंचाचा काप घेतला, आणि तो सुरीवर उभा राहिला. पप्पांनी दोन काप खाल्ले आणि विचारलं, "आज रवा घातलास वाटतं?"

पण पिठाची वेगळीच कथा. पीठ आणलं कुठून विचारशील. गिरणीवाल्याकडं गेले, म्हटलं सकाळचं पहिलं दळण माझं घ्या. तो भला माणूस, म्हणाला, "बाई, पहिलं असलं तरी जात्यात कालचा गहू असतोच की." खरं बोलला, बरं वाटलं. शेवटी घरघंटी घेतली, हप्त्यांवर. तुमच्या लग्नाचा आहेर समजा. केक झाले की पुसून पुण्याला पाठवते. तीत गहू कधी पडू द्यायचा नाही एवढं तू सांभाळ.

जवारी मंगळवेढ्याची, मालदांडी, ओळखीच्या शेतकऱ्याकडून. पाच किलो परातीत ओतली, चष्मा लावून दारात उन्हाला बसले. रब्बीत त्यांच्या शेजारच्या रानात गहू असतो, खळं तेच, पोती तीच. मोत्यासारख्या त्या दाण्यांत गव्हाचे अकरा दाणे निघाले. पुन्हा निवडली तेव्हा आणखी एक. मग तीन पाण्यांनी धुऊन, गच्चीवर नव्या चादरीवर वाळवली. ते बारा दाणे मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेत. मोठी आत्या आली की दाखवणार आहे.

आत्याचं लिहायचं नव्हतं, पण लिहितेच. ती साखरपुड्यात चारचौघींत म्हणाली, "पोरीला पोळी पचत नाही, उद्या संसार काय पचणार?" तू तेव्हा बाहेर गाडी लावत होतास. सूनबाईनं ऐकलं, हसली, आणि ताटातली कोशिंबीर खात राहिली. त्या कोशिंबिरीच्या फोडणीतसुद्धा हिंग होता रे. बांधणी हिंगात मैदा मिसळतात हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. दोन दिवस ती आजारी होती आणि मला कुणी सांगितलं नाही. आता केटररला खडा हिंग मी स्वतः देणार, नाहीतर हिंगच नको.

हे नाजूकपण नाही. तिनं मला फाईल दाखवली. लहानपणापासून रक्त कमी, टॉनिकावर टॉनिकं, आणि चोविसाव्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं रक्ताची ती खास तपासणी करायचं. मग दुर्बिणीनं तुकडा काढला तेव्हा कळलं, गहू पोटात गेला की तिचं शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, आतली लव झिजून सपाट होते, खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू सोडला आणि वर्षात पोरगी भरली. तिनंच हॉलंडच्या त्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली, विलेम डिके. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथं पाव मिळेना, लोक उपाशी, आणि वॉर्डातली याच आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, तो तिथं पक्का झाला. मी विचार करत राहिले, त्याआधी किती आयांनी आपल्या पोराला ताकद यावी म्हणून हातानं पाव भरवला असेल.

बरं, हिशोब. माणसं दोनशे, माणशी 30 ग्रॅमचा तुकडा, म्हणजे सहा किलो. आपल्या ओटीजीत नऊ इंचांपेक्षा मोठा डबा जात नाही, म्हणून समोर दोनच मजले, नऊ आणि सहा इंचांचे. बाकीचे साधे चौकोनी, कापून कागदात गुंडाळून वाटायला. दर शनिवारी दोन. फळांचा केक टिकतो, मुरतोही. क्रीमचं नावच काढू नकोस. मे महिन्यातलं सोलापूर, पारा 42 वर, चर्चच्या हॉलचे पंखे गरम हवाच फिरवतात. वर काजूचं मार्झिपान आणि त्यावर पांढरं आयसिंग, घट्ट. गुलाब मी लावणार नाही, मला जमत नाहीत. हवे असतील तर खरे लाव.

पाळकसाहेबांशीही बोलले. प्रभुभोजनाला तिच्यासाठी तांदळाची भाकर मी देईन, वेगळ्या थाळीत, आणि तिला ती पहिली देतील.

तुला काम एकच. येताना नवी सुरी आण, लांब पात्याची. वापरलेली नको, मित्राच्या बेकरीतली मागून आणलेली तर मुळीच नको. दुकानातलं कागदी वेष्टन काढू नकोस. मी स्वतः धुऊन पुसून ठेवीन.

तुझी
मम्मी

ता. क. पाचवा केक काल झाला. सूनबाईसाठी अर्धा डब्यात घालून पाठवतेय. डबाही नवा आहे, परत पाठवू नका.