फ्रीझरमध्ये झालेलं काम ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बाबा काठी घेऊन का होईना, घरातल्या घरात फिरू लागले हे वाचून फार बरं वाटलं. पण स्वयंपाकाचा सगळा भार आता तुझ्यावर आलाय, दिवसभर राबून आल्यावर तू पुन्हा ओट्यापाशी उभा राहतोस, हे वाचून काळजीही वाटली. पत्राच्या शेवटी तू एका ओळीत विचारलंयस, ‘फ्रीझरमध्ये तू काय काय ठेवतोस?’ त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

बहुतेक घरांत फ्रीझर म्हणजे उरलंसुरलं ढकलायची जागा. आत गेलेला डबा कशाचा होता हे महिन्याभरात कुणालाच आठवत नाही. माझं म्हणणं असं, की तिथे तयार पदार्थ कमी असावेत आणि झालेलं काम जास्त. संध्याकाळ खाऊन टाकतं ते सोलणं, निवडणं, चिरणं, भिजवणं, मंद आचेवर ढवळत उभं राहणं. हे आधी झालेलं असेल, तर पुढचं शिजवणं पंधरा-वीस मिनिटांचं. शिवाय गोठवलेली भाजी बाहेर काढली की तीच भाजी खावी लागते. परतलेल्या कांद्याचं मात्र त्या दिवशी मनात येईल ते करता येतं.

म्हणून सुरुवात कांद्यापासून कर. मोठं पातेलं भरून कांदे पातळ चिर आणि मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परत. याला तासभर सहज लागतो, आणि रोज रात्री तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. गार झाला की बर्फाच्या साच्यात भर, गोठला की वड्या काढून पिशवीत टाक. एक-दोन वड्यांनी साध्या सूपलाही अंग येतं. टोमॅटो शिजवून, आटवून असेच ठेवता येतात. घाई असेल तर अख्खेच गोठव. नंतर कोमट पाण्याखाली धरलेस की साल आपोआप सुटते. आलंही अख्खं ठेव. गोठलेलं आलं छान बारीक किसलं जातं, धागे निघत नाहीत.

कडधान्यांबद्दल मी जरा हट्टानेच सांगेन. भिजवायला रात्र आणि शिजवायला तास लागतो, म्हणून थकलेला माणूस त्यांच्या वाटेला जात नाही. एकदाच भरपूर शिजव आणि ज्यात शिजवलं त्यातल्या थोड्या पाण्यासकट एकेका जेवणापुरत्या पिशव्या भर. दाणे फुटत नाहीत, चवही टिकते. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून दे आणि ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळू दे, मग पुढे शिजव. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विषारी द्रव्य असतं आणि नुसत्या मंद आचेवर ते जात नाही.

मटार मी गोठवलेलेच विकत आणतो. शेंग तोडल्यापासून दाण्यातली साखर भराभर पिठूळ होत जाते. कारखान्यात तोडणीनंतर लवकर वाफवून गोठवलेला दाणा म्हणूनच अनेकदा बाजारातल्या शिळ्या शेंगेपेक्षा गोड लागतो. घरी भाज्या गोठवायच्या असतील तर तीच रीत पाळ. उकळत्या पाण्यात मटार दीड मिनिट, फरसबीच्या कोवळ्या शेंगा तीन मिनिटं, मग लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि कापडावर कोरड्या करून पिशवीत. भाजीतली विकरं (एन्झाइम) थंडीतही हळूहळू काम करत राहतात. उकळत्या पाण्याने ती थांबतात, नाहीतर रंग आणि चव दोन्ही उतरतात. कांदा आणि ढोबळी मिरची कच्ची गोठवली तरी चालते.

आता पिशव्यांचा आकार. हा मुद्दा लोक सोडून देतात, आणि सगळं गणित तर इथेच आहे. अन्न सावकाश गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फोडतात, आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटून सगळं मऊ पडतं. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस 1912 च्या सुमारास कॅनडातल्या लॅब्राडोरला गेला. तिथले मूळ रहिवासी, इन्युइट लोक, मासे पकडून कडक थंडीत ठेवत, ते क्षणात गोठत आणि काही महिन्यांनी खाल्ले तरी ताजे लागत. त्यावरून त्याने झटपट गोठवायची यंत्रं बनवली, आणि 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेलं अन्न विकायला ठेवलं गेलं. आपल्याकडे तशी यंत्रं नसतात, पण पिशवी आडवी पसरून वहीसारखी चपटी करता येते. चपटी पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते आणि उभी लावली की जागाही कमी घेते. हवा मात्र दाबून काढ. हवा राहिली की अन्नातला बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि वरचा भाग पांढरा, चिवट होतो. सूपचा डबा काठोकाठ भरू नकोस. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं.

ब्रेड नेहमी ठेव, कापलेला. तो फ्रिजमध्ये बाहेरपेक्षाही लवकर शिळा होतो, फ्रीझरमध्ये मात्र थांबतो. काप तसाच टोस्टरमध्ये टाकायचा. अक्रोड, बदामही तिथेच ठेव, लवकर खवट होत नाहीत. चिकन आणि मासे एकेका वेळेपुरते वेगळे बांध. तेलकट मासे दोन-तीन महिन्यांतच संपव. काकडी, कोवळ्या हिरव्या पानांचं सॅलड, उकडलेली अंडी यांच्या नादी लागू नकोस.

बाबांचं पथ्य आहे म्हणून हे नीट वाच. उणे 18 अंशांवर जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. शिजवलेलं अन्न पसरट भांड्यात लवकर गार कर आणि दोन तासांच्या आत थंडीत घाल. भाताच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जगतात आणि भात बाहेर राहिला की वाढतात. गोठलेलं चिकन रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेव, ओट्यावर नको. शिजवलेलं गरम करताना आतपर्यंत वाफ येऊ दे. वीज गेली तर दार उघडू नकोस. भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास.

बाबांसाठी सूप आणि हाडांचा स्टॉक एकेका वाटीचा गोठव, आणि तो अळणीच. मीठ जेवण वाढताना घाल, म्हणजे त्यांचं आणि तुझं एकाच पातेल्यात होईल. प्रत्येक पिशवीवर नाव, तारीख आणि किती जणांचं ते भरण्याआधीच लिही, कारण ओल्या पिशवीवर पेन चालत नाही.

येत्या सुट्टीला फक्त कांदा आणि एक कडधान्य कर. सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस, आधीच दमलेला आहेस. तुझ्या फ्रीझरचा खण केवढा आहे आणि बाबांना चावायला काय काय जमतं, हे कळव. त्याप्रमाणे पुढच्या पत्रात सूपची कृती लिहितो. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र