बॉलचं वजन, भोकाची उंची आणि जॉबकार्डाची मागची बाजू

कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

जॉबकार्डाच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही मांडलेलं गणित स्टोअरमध्ये काट्याच्या वर चिकटवलं आहे. तेलाचे दोन डाग पडलेत, पण आकडे वाचता येतात. त्या आकड्यांबद्दल आभार मानायला हे पत्र. उघड लिहितोय, कारण पितळी बॉल व्हॉल्व्हचे बॉल कातणारी दुकानं आणखीही आहेत आणि वजनाचा घोळ सगळीकडे हाच होतो.

५० मिमीचा बॉल, मधोमध आरपार ३० मिमीचा बोअर, म्हणजे भोक. तयार नगाचं वजन किती? जॉबवर्कमध्ये, म्हणजे मजुरीच्या कामात, रॉड पार्टीचा (काम देणाऱ्याचा) असतो. तयार नग आणि चुरा दोन्ही किलोवर परत जातात. हिशोब चुकला की चुरा कमी भरल्यासारखा दिसतो आणि सगळ्यांच्या नजरा लेथवरच्या माणसाकडे वळतात, चूक कागदावरची असली तरी.

भरीव बॉल ५५६ ग्रॅम. पितळेची घनता ८.५ धरून हे बरोबरच आहे. पुढे मात्र दोन रीती चालतात आणि दोन्ही चुकतात. एकात ३० व्यासाचा, ५० लांबीचा दंडगोल वजा करतात. उत्तर २५६ ग्रॅम येतं. पण बोअरच्या तोंडाशी गोळा आधीच आत वळलेला असतो, म्हणजे तिथली हवासुद्धा पितळ समजून वजा होते. दुसऱ्या रीतीत बोअरच्या भिंतीची उंची ४० घेऊन तेवढाच दंडगोल वजा करतात आणि ३१६ ग्रॅम काढतात. इथे दोन्ही टोकांच्या ५-५ मिमी उंचीच्या टोप्या विसरल्या जातात. ड्रिल त्या टोप्याही घेऊन जातं, आणि दोन्ही मिळून ३१ ग्रॅम होतात. खरं उत्तर २८५.

तुम्ही टोप्यांचं सूत्र न काढता एका ओळीत हे सोडवलंत. बॉलच्या व्यासाचा वर्ग, त्यातून बोअरच्या व्यासाचा वर्ग वजा, वर्गमूळ काढलं की भोकाची उंची. २५०० वजा ९००, म्हणजे १६००, म्हणजे ४०. आता या ४० व्यासाच्या भरीव गोळ्याचं जे वजन, तेच भोक पाडलेल्या बॉलचं. उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन तिचा घन करायचा आणि ४.४५ ने गुणायचं, की पितळेचे ग्रॅम हातात: ४ चा घन ६४, गुणिले ४.४५, बरोबर २८४.८. अडनिड्या मापालाही हे तितकंच सोपं. ३८ चा बॉल, २५ चा बोअर: उंची २८.६२, वजन १०४ ग्रॅम.

यावर कोणाचाच चटकन विश्वास बसत नाही, म्हणून तुम्ही खाली तीन जोड्या लिहिल्यात: ४१ च्या बॉलमध्ये ९ चा बोअर, ५० मध्ये ३०, ५८ मध्ये ४२. तिन्हींत भोकाची उंची ४०, म्हणून तिन्ही २८५ ग्रॅमचे. ५८ चा बॉल हातात भला मोठा वाटतो, पण त्याची भिंत मधोमध ८ मिमीच जाड, आणि ४१ च्या बॉलची १६. आणि पटत नसेल त्याच्यासाठी काकडीच्या चकत्यांसारखा गोळा आडवा कापून दाखवलात. मध्यापासून १२ मिमी वर ५० च्या बॉलच्या चकतीच्या त्रिज्येचा वर्ग ६२५ वजा १४४, म्हणजे ४८१. त्यातून भोकाचे २२५ गेले, उरले २५६. ४० च्या भरीव गोळ्यात त्याच उंचीला ४०० वजा १४४, तेही २५६. कुठल्याही उंचीला कापा, चकत्या जुळतातच.

'पाय'ची किंमत किती घ्यायची यावर वाद घालणाऱ्यांना तुम्ही भास्कराचार्यांच्या हवाली केलंत, तेही बरं झालं. 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, सूक्ष्म कामाला ३९२७ भागिले १२५० आणि व्यवहाराला २२ भागिले ७ असं सांगितलं आहे. पहिला आकडा म्हणजे नेमका ३.१४१६. २२/७ ने आपल्या बॉलवर ०.१ ग्रॅमचा फरक पडतो. १ ग्रॅमच्या काट्याला तो दिसतसुद्धा नाही.

पैशाच्या दृष्टीने मोठी गोष्ट मात्र तुम्ही जाता जाता सांगितलीत. बॉल ५० चा म्हणून ५२ चा रॉड ५० अधिक फेसिंगचे (टोकं सपाट कातायचे) ३, असा ५३ लांबीला कापला जात होता. पण टोप्या बोअरमध्ये जाणारच असतील तर त्यांच्यासाठी रॉड कशाला? तयार नगाला फेसिंग करून दोन्ही टोकांना सपाट कड ठेवायची असते, त्यामुळे लांबी ३८ लागते. ३८ अधिक ३, म्हणजे ४१. नगामागे १२ मिमी रॉड वाचला, म्हणजे २१७ ग्रॅम. शंभर नगांना २१.७ किलो पितळ चुऱ्यात जायचं थांबलं.

या ३८ वरच नवीन माणूस फसतो, म्हणून तो आकडा तुम्ही लाल पेनाने गोल केलात. व्हर्निअर लावलं की ३८ दिसतं, आणि ३८ च छोट्या सूत्रात टाकलं तर २४४ ग्रॅम येतात. ४० ग्रॅमची चूक! प्रत्यक्षात दोन्ही टोकांना १-१ मिमी फेस केल्याने बॉलचं वजन फक्त १ ग्रॅमने कमी होतं, कारण तिथली कड सुरीच्या धारेसारखी निमुळती असते. तेव्हा उंची मोजायची नाही, दोन व्यासांवरून काढायची. अगदी काटेकोर हवं असेल तर: त्रिज्यांच्या वर्गांची वजाबाकी गुणिले फेस केलेली लांबी, त्यातून लांबीच्या घनाचा बारावा भाग वजा, आणि सगळ्याला पाय आणि घनतेने गुणायचं, मापं सेंटिमीटरमध्ये. आपल्या बॉलला २८३.८ ग्रॅम. व्यास मात्र मायक्रोमीटरनेच घ्यायचे. बोअर ३०.२ झाला तर वजन ३.२ ग्रॅमने घटतं, बॉल ५०.१ राहिला तर २.७ ने वाढतं. उंचीचा घन असल्यामुळे उंचीतली एक टक्का चूक वजनात तीन टक्के होऊन बसते.

त्या सपाट कडेवरून बॉल तपासायची युक्ती तर काट्यापेक्षा उपयोगी पडते. बोअर मधोमध असेल तर कड सगळीकडे १.२५ मिमी रुंद. एकाच टोकाला एका बाजूला १.५ आणि समोर १ दिसली तर बोअर पाव मिमी सेंटर आउट आहे. मँड्रेल, म्हणजे बोअरमधून नग धरणारा दांडा, सैल आहे का ते बघायचं. कड गोल फिरून सारखीच, पण एका टोकाला दीड आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम १ असेल, तर बॉल टर्निंग अटॅचमेंटची पिन (जिच्याभोवती फिरून हत्यार गोलाई काततं ती) ३८ च्या मध्यावर नाही. तीही साधारण पाव मिमी सरकलेली असते. किंवा मँड्रेलच्या खांद्याशी चुरा अडकून नग पुढे आलेला असतो. दोन्ही दोषांत वजन जवळपास तेवढंच भरतं. म्हणून नुसत्या काट्यावर पास केलेली लॉट व्हॉल्व्हच्या सीटवर (बॉल टेकतो त्या बैठकीवर) बसवताना रडवते.

स्टेमची (बॉल फिरवणाऱ्या दांड्याची) खाच सूत्रात नाही. ती रुंदी गुणिले लांबी गुणिले सरासरी खोली अशी वेगळी काढून वजा करतो. बोअरच्या तोंडाशी चेंफर (तिरपी कापलेली कड) असेल तर त्याचंही थोडं वजन जातं, पण ते धरत नाही.

तुमच्या कागदाखाली एकच ओळ नव्याने वाढवली आहे, चालेल ना? एसएस ३०४ चे (स्टेनलेस स्टीलचे) बॉल आले तर घनता ८ धरून ४.४५ च्या जागी ४.१९. याच ५०/३० च्या बॉलला २६८ ग्रॅम.

आपले,
लेथ, स्टोअर आणि काट्यावरची मंडळी