कोरड्या तोंडाचा गुण मोजायचा कशावर?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

तोंड कोरडे पडण्याविषयीचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. कृत्रिम लाळ, जेल, स्प्रे, लाळ वाढवणाऱ्या पिलोकार्पिनच्या गोळ्या यांची माहिती चांगली आहे. पण या उपायांनी ‘चांगला गुण येतो’ एवढे म्हणून लेखकाने विषय संपवला. गुण आला हे कोणी ठरवले आणि कशावरून? माझे आयुष्य औषधाच्या दुकानात गेले. माझ्या थोरल्या भावाच्या तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन झाल्यापासून हा त्रास घरातही रोज पाहतो आहे. म्हणून हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

लाळ किती सुटते आणि तोंड किती कोरडे वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली मोजायला यंत्र लागत नाही. रुग्णाने मान खाली घालून बसायचे, काही गिळायचे नाही आणि तोंडात जमेल ती लाळ खुणांच्या कपात पडू द्यायची. निरोगी माणसात ती मिनिटाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिलिटर भरते. 15 मिनिटांत दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली, तर ती फारच कमी समजतात. मात्र दर वेळी दिवसाची वेळ तीच हवी, आणि आधी तासभर खाणेपिणे, दात घासणे बंद हवे. लाळ दिवसभर सारखी सुटत नाही, झोपेत तर जवळजवळ थांबते. सकाळचे एक माप आणि दुपारचे दुसरे घेऊन औषधाला श्रेय देणे चूक आहे.

दुसरी गोष्ट रुग्णालाच विचारावी लागते. कपात पुरेशी लाळ भरूनही एखाद्याला तोंडाला कोरड वाटते, तर कुणाची लाळ कमी असून तक्रार नसते. माणसाची स्वतःची नेहमीची लाळ साधारण निम्म्यावर आली की कोरडेपणा जाणवू लागतो, असे अभ्यासात दिसले आहे. म्हणजे त्याचे आधीचे माप माहीत असल्याशिवाय आजच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. नेमके हे आधीचे माप बहुतेक फायलींत सापडत नाही.

पिलोकार्पिनचेच घ्या. रेडिएशननंतर तोंड कोरडे पडलेल्या 207 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. 5 मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांपैकी 44 टक्क्यांना कोरडेपणा कमी वाटला. पण औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकीही 25 टक्क्यांना तसेच वाटले. औषधाचा खरा वाटा म्हणजे मधला 19 टक्क्यांचा फरक. तो मला मोलाचा वाटतो, या गोळीने घाम फार येतो हे गृहीत धरूनही. पण नुसते ‘44 टक्के’ सांगणे म्हणजे रुग्णाला अर्धीच गोष्ट सांगणे.

जेल आणि स्प्रेंची पारख आणखी अवघड, कारण तोंडात काहीही ओले गेले की घटकाभर बरे वाटतेच. तासाभराने काय, रात्री काय, हे विचारायला हवे. तोंडात लावायच्या अशा उपायांच्या 36 चाचण्या, उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2011 च्या आढाव्यात तपासल्या गेल्या. त्यांपैकी एकाही उपायाच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला नाही. ॲक्युपंक्चरची 2019 मधील चाचणी तर मला फार बोलकी वाटते. एकच चाचणी शांघाय आणि ह्यूस्टनमध्ये झाली. शांघायमध्ये खरे ॲक्युपंक्चर खोट्यापेक्षा, म्हणजे उपचाराच्या नुसत्या देखाव्यापेक्षा, सरस ठरले, ह्यूस्टनमध्ये दोन्हींत फरक दिसला नाही. रुग्णाच्या सांगण्यात अपेक्षा किती मिसळलेली असते, हे यावरून कळते. म्हणून त्याला विचारायचेच नाही असे नव्हे. कशाशी तुलना केली, ते सांगितले पाहिजे.

आपल्याकडे असे काम होत नाही असेही नाही. टाटा मेमोरियल सेंटरच्या 2012 मधील चाचणीत 60 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून रेडिएशनच्या दोन पद्धतींची तुलना झाली. उपचाराच्या काळात लाळग्रंथींना मध्यम किंवा त्याहून अधिक इजा जुन्या पद्धतीत 89 टक्क्यांना झाली, तर किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या आयएमआरटीत 59 टक्क्यांना. ग्रंथी आधीच वाचवणे हा नंतरच्या कुठल्याही जेलपेक्षा मोठा उपचार आहे, हे मोजले म्हणूनच ठामपणे सांगता येते.

माझ्या भावाच्या फायलीत मात्र प्रत्येक तपासणीला ‘तक्रार नाही’ एवढेच लिहिलेले आहे. तो कोणालाही ‘बरं आहे’ असेच सांगतो. त्याने भाकरी सोडली, फक्त कालवलेला भात खातो, रात्री पाण्यासाठी चार वेळा उठतो, हे वहिनी सांगतात. त्यांना कोणी विचारले नाही.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. म्हणून माझी मागणी अशी की, डोके आणि मानेवर रेडिएशन देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने उपचार सुरू होण्याआधी कपाने लाळ मोजावी आणि ठरलेले प्रश्न विचारावेत. मग तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तेच पुन्हा करावे. प्रश्न आपल्या जेवणातले असावेत. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? चटणी झोंबते का? बोलताना जीभ टाळूला चिकटते का? कवळी बसते का? उत्तरे घरच्यांच्या समोर घ्यावीत. खर्च एका कपाचा आणि पाव तासाचा आहे.

जाता जाता एक. नैराश्यावरचे ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या काही गोळ्या, लघवी आवरण्याची औषधे यांनीही तोंड कोरडे पडते. दुकानात जेल मागायला येणाऱ्याने आधी आपल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, पण मनाने काही बंद करू नये.

आपल्या वाचकांत दंत महाविद्यालयांतील प्राध्यापक आणि कर्करोगतज्ज्ञ नक्कीच असतील. रुग्णांवर पारखून घेतलेली, मराठीतील छोटी प्रश्नावली त्यांनी आपल्या पुरवणीसाठी द्यावी आणि आपण ती कापून ठेवता येईल अशा चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, सांगली
(नाव छापू नये)