भूमिगत खाणींचे नियोजन गणिताने व्हावे

महोदय,

सोलापूरजवळील फताटेवाडीच्या १३२० मेगावॉट औष्णिक वीज केंद्रासाठी कोळसा दुरून रेल्वेने येतो. त्यामुळे खाणीतील नियोजन हा सोलापूरकरांच्याही जिव्हाळ्याचा विषय आहे. भूमिगत खाणीत सुरुंग उडाल्यावर धूर निघून, छत तपासून त्याला आधार दिला जाईपर्यंत कोळसा भरणारे यंत्र तेथे नेता येत नाही, म्हणून मधल्या वेळेत ते कोणत्या ठिकाणी पाठवावे हे केवळ अंदाजावर सोडू नये. १९४७ साली अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी मांडलेल्या सिम्प्लेक्स पद्धतीने (ठरलेल्या अटींत राहून सर्वोत्तम पर्याय शोधण्याच्या गणिती रीतीने) बळ मिळालेले ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे उपलब्ध साधने उत्तम प्रकारे वापरण्याचे गणित, अशाच प्रश्नांसाठी आहे. मात्र छताच्या आधाराला लागणारा वेळ ही त्या गणितातील अढळ अट असावी. उत्पादनाच्या उद्दिष्टासाठी ती कधीही शिथिल होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— गणिताचा एक निवृत्त शिक्षक, सोलापूर