आशाताईंच्या फॉर्मवरचं 'नाही'

म्हापसा,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहेत. बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी खाटेवर आजी बसलेली असते. तिच्याविषयी तिच्यादेखत बोलणं माझ्या जिवावर येतं. तिला काय कळतंय, असं तुम्ही म्हणता. पण मागे मी फोनवर "आता तिचं काही खरं नाही" म्हणाले, तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. हे मला नंतर आईनेच सांगितलं. शब्द निसटले तरी सूर पोचतो बहुतेक. म्हणून लिहिते आहे.

मंगळवारची गोष्ट मला तुमच्याकडून कळली नाही, तिठ्यावरच्या दुकानदाराकडून कळली. दुपारी आईचा जरा डोळा लागला, बाबा खताच्या पिशव्या आणायला गेले होते, आणि आजी पाणंदीने थेट रस्त्यावर. एसटी आली, ही चढली. कंडक्टरने विचारलं, "खंय जातलंस गे आजये?" तर म्हणाली, "आवशीकडे." ८६ वर्षांची बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीत एक वाटी आणि बाबांचा टॉवेल. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्याला काही वर्षं झाली, पण आजीने ती सवलत पहिल्यांदा वापरली ती अशी! कंडक्टरने वाद घातला नाही, "तुझी आई कधीच गेली" असं सुनावलं नाही. तिठ्यावर हात धरून उतरवलं आणि दुकानदाराच्या बाकावर बसवलं. दुकानदाराने चहा पाजला, फोन केला. बाबा धावत गेले. आणि पोचल्यावर त्याला पहिलं काय म्हणाले? "वाडीत कुठे बोलू नका."

बाबा, राग मानू नका. दोन रात्री मी त्या एका वाक्यावरच अडकले आहे. श्रावणातला पाऊस, व्हाळ दुथडी भरलेला, आणि पाणंद त्याच्याच कडेने जाते. आजी त्या दिवशी वाचली ती दोन माणसांना ती कोण, कुठली हे माहीत होतं म्हणून. आणि आपण तेच कुणाला कळू द्यायचं नाही म्हणतो आहोत.

आणखी एक आठवण काढते. गेल्या वर्षी मी आले होते तेव्हा आशाताई फॉर्म भरायला आल्या होत्या. तंबाखू, बीपी, साखर, सगळं विचारून झालं. साठीच्या पुढच्यांसाठी त्या फॉर्मवर चार जादा प्रश्न असतात. चालताना तोल जातो का, हालचालीला अडचण होईल असं काही अपंगत्व आहे का, जेवण-आंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का. आणि चौथा, जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? तुम्ही पटकन म्हणालात, "नाही, नाही, वयामानाने बरं आहे." आजी तेव्हा पडवीत बसून तुम्हाला 'तात्या' म्हणून हाक मारत होती. तात्या म्हणजे तिचा भाऊ, जाऊन तीस वर्षं झाली त्याला. आशाताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. म्हणजे ते 'नाही' माझंही आहे.

'हो' लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणी डॉक्टर दारात आला असता असं मी म्हणत नाही. पण सरकारला कागदावर नसलेलं माणूस दिसत नाही. देशभरातल्या वृद्धांची तपासणी करून २०२३ साली आकडा प्रसिद्ध झाला. साठीच्या वरच्यांपैकी ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण बायकांत जास्त, खेड्यात जास्त, शाळा न शिकलेल्यांत जास्त. आपली आजी तिन्हीत बसते. आपल्या गावात साठीवरची तीनशे माणसं धरली, तरी हिशेबाने वीस-बावीस जण निघतात. कुठे आहेत ती? मला तरी खालच्या वाडीतली दोन घरं नक्की माहीत आहेत, आणि त्या घरांतही असंच 'नाही' सांगितलं गेलं असणार.

आपल्याकडे शब्दच तसा आहे, म्हातारचळ. चळ लागलेलं माणूस कोण दाखवणार? जपानीत या आजाराच्या जुन्या नावात 'मूर्ख' असा अर्थ होता. २००४ साली तिथल्या सरकारने ते नावच बदललं. नुसत्या नावाने काय होतं असं मलाही वाटलं होतं, पण तिथे ओमुता नावाचं कोळशाच्या खाणींचं जुनं गाव आहे, तिथले लोक हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाला शोधायची चक्क रंगीत तालीम करतात. एकाने वाट चुकल्यासारखं फिरायचं, बाकीच्यांनी ओळखून हळूच बोलतं करायचं. आपल्या तिठ्यावर ती तालीम मंगळवारी आपसूक झाली.

जपान लांबचं झालं, मी राहते त्या गोव्यातलंच सांगते. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या दोन तालुक्यांत एक प्रयोग केला. त्याचा निबंध २००८ साली छापून आला. स्मृतिभ्रंशाचं माणूस असलेली ८१ घरं घेतली. त्यांतल्या ४१ घरांत सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा, एक बाई जायची. डॉक्टर नाही, नर्स नाही. त्याच भागातली, बारावीपर्यंत शिकलेली, आठवडाभर शिकवून तयार केलेली. ती काय करायची? हा आजार आहे, खोडसाळपणा नाही, हे समजावायचं. आंघोळ घालताना, भरवताना अडतं कुठे ते बघायचं. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाशी गाठ घालून द्यायची, सरकारी योजना सांगायच्या, आणि अशा चार घरांना एकत्र बसवायचं. मुख्य म्हणजे घरातल्या बाईचं ऐकून घ्यायचं. निकाल काय लागला ठाऊक आहे? आजारी माणसात ठळक म्हणावा असा फरक पडला नाही. सावरली ती सांभाळणारी माणसं. त्यांचा मनावरचा ताण कमी झाला.

आई, हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजी नव्हती, तू होतीस.

तू ६४ वर्षांची आहेस. रात्री तीनदा उठतेस, तिला न्हाणीघरात नेतेस, ती "माका घराक जावचा आसा" म्हणत दाराशी उभी राहते, तू दिवा लावून बसतेस. मावशीकडे जाऊन तुला दोन वर्षं झाली. बचत गटाच्या सभेला जात नाहीस, कारण बाबांना तिची लुगडी बदलता येत नाहीत. गेल्या महिन्यात तू फोनवर रडलीस, "हात उगारला गे मी तिच्यावर." आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी बोललीस. त्यात तुझं वाईटपण नाही. दोन वर्षं सलग झोप न मिळालेल्या माणसाचा हात उगारतोच. सासूची सेवा म्हणून चारचौघांत तुझं कौतुक होतं, पण कौतुक करणाऱ्यांपैकी एकीनेही 'तू जा, दोन तास मी बसते' म्हटलेलं मी ऐकलं नाही. अर्थात, त्यांना घरात खरं काय चाललंय ते आपण सांगितलंय कुठे?

दादाचं वृद्धाश्रमाचं टुमणं मला ठाऊक आहे. मी स्वतः तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडे एकच उत्तर, स्वतःचं स्वतः करणारी माणसं घेतो, विसरणारी नाही. सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, ते आजीचंही काढू. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाचं. रात्री तीन वाजता दाराशी उभ्या असलेल्या माणसासाठी त्यात काही नाही. तेव्हा जे करायचं ते घरी आणि वाडीतच करावं लागणार, आणि त्यासाठी आधी सांगावं लागणार.

मी शनिवारी येते. आधी आशाताईंकडे जाऊ आणि तो फॉर्म दुरुस्त करून घेऊ. मग उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटू. मला त्यांच्याकडे एकच मागायचं आहे, महिन्यातून एक दुपार अंगणवाडीच्या खोलीत अशा घरांतल्या सांभाळणाऱ्या माणसांना बसू द्या. खालच्या वाडीतल्या दोन घरी मी स्वतः जाईन. तुम्हाला अवघड वाटेल ते माझ्यावर टाका. सासरी गेलेल्या मुलीला थोडं निर्लज्ज होता येतं.

आजीला एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांना दाखवू. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेऊ, त्यांच्या कमतरतेनेही विसर वाढतो आणि ते औषधाने सुधारतं. मूळ आजार बरा करणारी गोळी नाही, हे मी तुम्हाला फसवून सांगणार नाही. आणि दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आठवा. दोन दिवसांत एकदम बरळायला लागली, भिंतीवर माणसं दिसायला लागली, आपण म्हटलं संपलं आता. निघाला लघवीचा जंतुसंसर्ग. औषधाने चार दिवसांत उतरलं. तशी अचानक बिघडली तर वाट बघायची नाही. शेजारचे सांगतात ती झोपेची गोळीही विचारल्याशिवाय द्यायची नाही. गुंगीत पडून खुबा मोडला तर आईचं काम दुप्पट होईल.

विहिरीला कठडा आहे पण रहाटाच्या बाजूने मोकळी आहे, तिथे जाळीचं फाटक लावून घेऊ. मागच्या दाराला बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरं बांधू, माळ्यावर आहेत. तिच्या लुगड्यांच्या पदराला आतून नंबर लिहिलेली पट्टी मी शिवून आणते आहे. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. आणि ती "घराक जावचा आसा" म्हणाली की "हेच तुझं घर" असं भांडू नका. "जाऊ गे, आधी चहा घेऊ" म्हणा. कंडक्टरला हे कुणी शिकवलं होतं?

वरच्या घरातली विधवा सून आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसायला तयार आहे, मी विचारलंय. पैसे दादा देईल, तेही बोललेय त्याच्याशी. आई, त्या दोन दुपारी तू घरात थांबायचं नाहीस. स्वयंपाकघर आवरायचं नाहीस. मावशीकडे जा, नाहीतर देवळात जाऊन नुसती बस. रात्री अगदी असह्य झालं तर १४४१६ हा मनाला आधार देणारा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. तो आजारी माणसासाठीच असतो असं नाही.

बाबा, दोन गोष्टी तुमच्यासाठी. जमिनीचे कागद आणि आजीचं बँकेचं खातं यांचं काय करायचं ते वकिलाला आत्ताच विचारा. समज पूर्ण गेल्यावर मुखत्यारपत्र चालत नाही, म्हणजे आधी केलेलंसुद्धा. कदाचित आपल्याला उशीर झालाही असेल, तरी विचारा. दुसरं, कानाचं यंत्र. ते कपाटात डबीत ठेवण्यासाठी घेतलेलं नाही. कमी ऐकू येणं हे पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांपैकी एक आहे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात अशी १४ कारणं दिली आहेत. त्यात बीपी आहे, साखर आहे, एकटेपणाही आहे. तुम्ही संध्याकाळचं भजन सोडलंत ते ऐकू येत नाही म्हणून, हे मला माहीत आहे.

आता चतुर्थी. गेल्या वर्षी पाहुणे येणार म्हणून आजीला मागच्या खोलीत बसवलं होतं. बाहेर आरती सुरू झाली आणि आतून तिचा आवाज आला. पाचही आरत्या, एक शब्द न चुकता, आपल्या सगळ्यांच्या अर्धा सूर वर. मुंबईचे काका टाळ वाजवायचे थांबून दाराकडे बघत राहिले होते. यंदा तिची खुर्ची गणपतीसमोर मांडू. गणपतीच्या डोक्यावर टांगतो त्या माटवीला काय काय बांधायचं ते तिलाच विचारा, ती सांगेल. कवंडळाचं फळ विसरलात तर ओरडेलही. पाहुण्यांपैकी कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हाला जमणार नसेल तर मी सांगेन.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, अकरापर्यंत तिठ्यावर उतरेन. दुकानदारासाठी इथली बेबिंका घेतली आहे. कंडक्टर कोण होता ते त्याला विचारून ठेवा. आजीला अबोलीची वेणी आणते.

तुमची,
बाय