मातृभाषेचा आग्रह मेळघाटापर्यंत यावा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन्ही शासन निर्णय सरकारने २९ जून २०२५ रोजी मागे घेतले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याआधीचे दोन-अडीच महिने महाराष्ट्रभर एकच गोष्ट परत परत सांगितली जात होती : सहा वर्षांच्या लेकरावर परकी भाषा लादू नका, आधी त्याला त्याच्या भाषेत पाय रोवू द्या. लेखकांनी सांगितली, शिक्षणतज्ज्ञांनी सांगितली, पालकांनी सांगितली. तो मुद्दा मला पूर्ण पटतो, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. मेळघाटातल्या, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या हजारो लेकरांसाठी पहिलीच्या वर्गातली ती परकी भाषा मराठी आहे.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळांत गेली. तिथल्या घरांत कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नाही, हे आधीच सांगते, कारण तालुक्याच्या बैठकांतही तिचा उल्लेख 'बोली' असाच होतो. तिचे कूळच निराळे. झारखंड-ओडिशातल्या संथाळी, मुंडारी या तिच्या नात्यातल्या भाषा. यातल्या संथाळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. कोरकूला ती नाही, जरी २०११ च्या जनगणनेत देशभरात सात लाखांवर लोकांनी तिची मातृभाषा म्हणून नोंद केली. बाजारात हिंदी चालते, कारण मध्य प्रदेशाची हद्द लागूनच. घरात कोरकू, बाजारात हिंदी, फळ्यावर मराठी आणि पहिलीपासून इंग्रजी. एवढे ओझे शहरातल्या कोणत्या सहा वर्षांच्या मुलावर आहे?

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात काय होते ते सांगते. बाई म्हणतात, "वही काढा." मूल शेजारच्याकडे बघते, त्याने दप्तर उघडले की आपणही उघडते. "कोण कोण जेवून आलं?" या प्रश्नावर सगळा वर्ग गप्प. एखादीच्या पोटात दुखत असते, पण ते बाईंना सांगायचे कसे हे तिला माहीत नसते, मग ती भिंतीला टेकून रडत बसते. शेवटी चौथीतल्या तिच्या बहिणीला बोलावतात. बहीण येते, दोन वाक्ये कोरकूत विचारते आणि बाईंना मराठीत सांगते. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी शाळांत पहिलीचा वर्ग असा चौथीतल्या मुलींच्या भरवशावर चालतो. त्यात त्या मुलीचा स्वतःचा तास बुडतो, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही.

हेच लेकरू घरी मोहाची फुले वेचताना मिया, बारी, आफई असे मोजत असते. कुटकी कधी पेरायची, कोणत्या झाडाचा डिंक निघतो, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असते, हे त्याला ठाऊक असते. वर्गात मात्र तपासणीला आलेले अधिकारी त्याच्याबद्दल विचारतात, "हा मंद आहे का?"

आपल्या खात्याच्या पायाभूत वाचन-गणिताच्या 'निपुण' चाचण्यांत मूल मिनिटाला किती शब्द वाचते हे मोजतात. मेळघाटातली दुसरी-तिसरीतली पुष्कळ मुले उतारा खडाखडा वाचतात. वाचून झाल्यावर 'गोष्टीत कोण कुठे गेले' असे विचारा, मूल तुमच्या तोंडाकडे बघत राहील. अक्षरे ओळखीची झाली, अर्थ लागलाच नाही. चाचणीचा तक्ता हिरवा होतो, आणि पाचवी-सहावीत तेच मूल शाळा सोडते. मग अहवालात कारण लिहितात : पालकांची उदासीनता, स्थलांतर. दिवाळीनंतर आईबाप कामाला बाहेर जातात हे खरे आहे. पण ज्या मुलाला वर्गात चार गोष्टी समजतात, ते आजीजवळ राहून शाळेत येते, हेही मी पाहिले आहे.

कायदा काय सांगतो, हे आपल्याला माहीत आहेच. संविधानाचे कलम ३५० क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये तेच आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. इतर राज्यांकडे बघायचे तर ओडिशाने २००७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून सुरुवात केली. पाठ्यसाहित्य त्या भाषांत केले, त्या भाषा बोलणारे शिक्षक नेमले, पुढे भाषांची संख्या एकवीसवर नेली. आपल्याकडेही याची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली. नर्मदा बचाव आंदोलनाच्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांत पावरी-भिलोरी या तिथल्या आदिवासी भाषांतून शिकवले गेले. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच सुरू केली. मान्यता नाही म्हणून ती अनधिकृत ठरवली गेली आणि गावाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जे काम सरकारने करायचे ते गावाने केले, तर त्याला नोटीस जाऊ नये, एवढे तरी व्हावे.

मला मुख्य बोलायचे आहे ते शिक्षकांबद्दल. पुस्तिका झाल्या, शब्दसंग्रह झाले, पण कोरकू येणारे माणूस वर्गात नसेल तर ते सारे कपाटात राहते. भरती राज्याच्या 'पवित्र' या ऑनलाइन पोर्टलवरून होते. धारणीचा डी.एड. झालेला कोरकू मुलगा दुसऱ्याच जिल्ह्यात जातो आणि कोरकूचा एक शब्द न ऐकलेली मुलगी इथे येते. ती बिचारी जीव लावून शिकवते, भाषा शिकायला धडपडते. पण मेळघाट अवघड क्षेत्रात मोडते, तिथे तीन वर्षे झाली की बदलीचा हक्क मिळतो. ती कोरकूत दोन गोष्टी सांगू लागते तोवर बदलीचा अर्ज भरायची वेळ आलेली असते. मी तिला दोष देत नाही, तिलाही घर आहे. दोष त्या पद्धतीचा आहे, ज्यात कोरकू येण्याला एका गुणाचीही किंमत नाही. त्यात पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली भरती न्यायालयात अडकली, तरुण मानधनावर लागले, आश्रमशाळांत तर बाह्यस्रोतातून शिक्षक घ्यायचे ठरले. आज आहे, उद्या नाही अशा माणसाशी सहा वर्षांच्या लेकराची ओळख तरी कशी व्हायची?

आणखी एक. फगवा, म्हणजे होळी, हा कोरकूंचा वर्षाचा मोठा सण. बाहेरगावी गेलेली माणसे त्यासाठी परत येतात, चार-पाच दिवस गाव नाचते. त्या दिवसांत शाळा उघडी आणि वर्ग रिकामे. हजेरी घटली म्हणून मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागतो. जिरोतीच्या सणाला मुली झोके बांधतात, भिंतीवर चित्रे काढतात, आणि शाळेच्या भिंतीवर त्यातले काहीच नसते. सुट्ट्यांची यादी ग्रामसभेला विचारून करता येईल. गदली-सुसून हे नाच फक्त पाहुणे आले की बसवून घेतात, ते परिपाठात येऊ शकतात. गावातला भूमका, म्हणजे पारंपरिक वैदू, शाळेत येऊन औषधी झाडांची ओळख करून देऊ शकतो. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याच्या विचारातून मेळघाटातले ढाणे, म्हणजे छोट्या वस्त्या, कृपया कायमचे वगळा. तिथली वाट वाघाच्या जंगलातून जाते. पहिलीच्या मुलीला रोज त्या वाटेने कोणती आई पाठवेल?

माझी मुख्य मागणी एकच आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या ज्या शाळांत कोरकू मुले जास्त आहेत, तिथे पहिली ते तिसरीसाठी गावातलीच, कोरकू बोलणारी, निदान बारावी झालेली एक व्यक्ती नियमित पगारावर नेमा. शिक्षकासोबत ती वर्गात बसेल, पहिल्या वर्षी कोरकूतून शिकवेल आणि मराठी हळूहळू वाढवत नेईल. मराठी शिकायची नाही असे कोणताच कोरकू पालक म्हणत नाही, उलट ती चांगली यावी म्हणूनच हे हवे. इथे बसल्यावर हेच गोंडी-माडियाला, कोलामीला, पावरीला, कातकरी-वारलीला लागू करता येईल.

पैसा आदिवासी उपयोजनेत आहे. शाळा आपल्याकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे, म्हणून ही फाइल दोन मंत्रालयांच्या मध्ये पडून राहते. दोन्ही मंत्र्यांनी एकत्र बैठक बोलवावी, धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातच घेतली तर उत्तम. तारीख कळवा. शिक्षक, पालक आणि कोरकू शिकवू शकतील अशी तरुण मुले-मुली, सगळ्यांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

आपली विश्वासू,
मेळघाटातील एक निवृत्त शिक्षिका