अमेरिकी सैन्यातून बाहेर पडताय? क्लिअरन्सची मुदत बघा

मंडळी, आपल्यापैकी काहींची मुलं-मुली अमेरिकी सैन्यातून बाहेर पडत आहेत, म्हणून ही आठवण.

सेवा संपली की सिक्युरिटी क्लिअरन्स (म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी) चालू राहत नाही. मात्र साधारण २४ महिन्यांच्या आत क्लिअरन्स लागणारी नोकरी मिळाली, तर बहुधा पहिल्यापासून पार्श्वभूमीची चौकशी न होता तो पुन्हा लागू होतो. 'आधी दोन वर्षं मस्त हिंडतो' म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं!

क्लिअरन्ससाठी स्वतः अर्ज करता येत नाही, नोकरी देणारी कंपनीच तुमचं नाव पुढे करते. पैसे घेऊन 'करून देतो' म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

रेझ्युमेत क्लिअरन्सची पातळी ('सीक्रेट' की 'टॉप सीक्रेट') आणि शेवटच्या चौकशीची तारीख, एवढं पुरे. गोपनीय कामाचा तपशील नको. शंका असेल तर युनिटच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी दाखवा. लिंक्डइनवर तर मिरवूच नका, भलतेच लोक गळ टाकून बसलेले असतात.

अजून सेवेत असाल, तर शेवटच्या १८० दिवसांत 'स्किलब्रिज' या संरक्षण खात्याच्या योजनेतून, सैन्याचा पगार चालू असताना, कंपनीत काम शिकता येतं. कमांडरची मंजुरी लागते, ती लवकर मागा.

क्लिअरन्स लागणाऱ्या नोकऱ्या जास्त करून उत्तर व्हर्जिनिया, मेरीलँड, हंट्सविल (अलाबामा) इकडे.